वसाहतीतला रस्ता: सातबाऱ्यापासून काँक्रीटपर्यंत

रस्त्यांबद्दल आलेल्या पत्रांत एक तक्रार सारखी आहे: अर्ज दिला, निवेदन दिलं, लोकप्रतिनिधी येऊन पाहून गेले, पण काम मंजूर होत नाही. यातल्या बहुतेक ठिकाणी खरी अडचण निधीच्या आधीची आहे. रस्त्याची जागा कुणाच्या नावावर आहे आणि तिची रुंदी किती, हे कागदावर ठरलेलं नाही. म्हणून या वेळी पहिली उत्तरं जागेबद्दल आहेत आणि डांबर-काँक्रीट त्यानंतर येतं. उत्तरं महाराष्ट्रातल्या कायद्यांना धरून आहेत.

प्रश्न: आमची ३८ प्लॉटची वसाहत २००९ सालच्या अकृषिक (बिगरशेती) आदेशानुसार झाली. हद्द ग्रामपंचायतीची आहे. रस्ते अजून मुरमाचे आहेत. ग्रामपंचायत म्हणते, रस्ते खासगी आहेत, त्यावर सरकारी पैसा घालता येत नाही. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे, आणि त्यावर भांडण्यात वर्षं घालवू नका. ज्या जागेवर सार्वजनिक पैसा खर्च होणार ती जागा ग्रामपंचायतीकडे आहे असं कागदावर दिसावं लागतं. तसं नसेल तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि सरपंच-ग्रामसेवकांवर वसुलीची वेळ येऊ शकते. ते अडून बसतात ते त्यामुळे.

आधी तीन कागद गोळा करा. पहिला, अकृषिक आदेश आणि त्यासोबतच्या मंजूर रेखांकनाची, म्हणजे प्लॉट-रस्त्यांच्या नकाशाची, साक्षांकित प्रत. विकसकाने प्लॉट विकताना दिलेला रंगीत नकाशा चालत नाही. कार्यालयाचा शिक्का असलेला हवा. दुसरा, रस्त्याच्या क्षेत्राचा आजचा सातबारा. तिसरा, ग्रामपंचायतीचा नमुना २३, म्हणजे ताब्यातील रस्त्यांची नोंदवही. तुमचा रस्ता नमुना २३ मध्ये नसेल आणि सातबाऱ्यावर अजून मूळ जमीनमालकाचं नाव असेल, तर काम इथेच अडकलेलं आहे.

अकृषिक आदेशाच्या अटी एकेक वाचा. रेखांकनातले रस्ते आणि खुली जागा स्थानिक संस्थेकडे सुपूर्द करायची अट बहुतेकदा त्यात असते. ती असेल तर मूळ मालकाला पत्र लिहिताना तिचा अट क्रमांकासह उल्लेख करा. मग भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे मोजणी लावा आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, घ्या. जागेवर कुणाचं कुंपण, कुणाचा ओटा रस्त्यात आला आहे हे मोजणीच्या दिवशीच उघड होतं. तो वाद त्याच वेळी मिटवला नाही तर ठेकेदाराचं यंत्र आल्यावर पेटतो.

त्यानंतर हस्तांतर. मोबदला न घेता जागा द्यायची असेल तर बक्षीसपत्र करावं लागतं. त्याची नोंदणी सक्तीची आहे, दोन साक्षीदार लागतात आणि देणारा हयात असताना ग्रामपंचायतीने ते स्वीकारलेलं असावं लागतं. म्हणून स्वीकृतीचा ठराव आधी घ्या, त्याचा क्रमांक आणि तारीख दस्तात घाला. सातबाऱ्यावर जितकी नावं आहेत तितक्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. मालक वारला असेल तर आधी वारस नोंद करून घ्या, त्यात मुलीही आल्या. मुद्रांक शुल्क किती बसेल हे दुय्यम निबंधकाकडे आधी विचारा. शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय करून घ्या, म्हणजे शुल्क किती ते अधिकृतपणे ठरवून घ्या.

दस्त झाला की फेरफार. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव लागलं की त्याच आठवड्यात नमुना २३ मध्ये रस्त्याचं नाव, लांबी, रुंदी नोंदवून घ्या. ही शेवटची नोंद राहून गेल्यामुळे पुढच्या वर्षीच्या आराखड्यातून नाव गळण्याचा प्रकार वरचेवर होतो.

स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं संमतीपत्र किंवा ‘ना हरकत’ यांपैकी काहीही मालकी बदलत नाही. आज बाप सही देतो, उद्या मुलगा जमीन विकताना तीच पट्टी क्षेत्रात धरतो. संमतीपत्रावर काम करून घेतलेल्या वसाहतींना पुन्हा दुरुस्तीची वेळ आली की नेमकी हीच अडचण येते.

प्रश्न: विकसक वारले. वारस रस्त्याच्या जागेचे पैसे मागतात, नाहीतर तार घालू म्हणतात. तहसीलदारांकडे जाऊ का?

वसाहतीच्या रस्त्यासाठी तहसीलदारांकडे जाऊन सहसा काही हाती लागत नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आणि जमीन महसूल संहितेचं कलम १४३ शेतजमिनीकडे जाणाऱ्या वाटेसाठी आहेत. पहिल्यात तर अडथळा आल्यापासून ६ महिन्यांची मुदतही आहे.

तुमचं बळ खरेदीखतात आहे. प्रत्येक प्लॉटच्या चतुःसीमेत ‘पूर्वेस ९ मीटर रुंदीचा रस्ता’ असं लिहिलेलं असतं. रस्ता दाखवून प्लॉट विकल्यावर विकणाऱ्याला किंवा त्याच्या वारसांना तो बंद करता येत नाही. तार घातली तर सर्व प्लॉटधारकांनी मिळून दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागावा. मंजूर रेखांकन, दोन-चार खरेदीखतं, क प्रत आणि तारीख दिसणारे फोटो जोडावेत. शिवाय सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) काढून रस्त्याचा तुकडा कुणाला विकला आहे का ते पाहा. विकला असेल तर घेणाऱ्यालाही प्रतिवादी करावं लागेल.

वापरण्याचा हक्क आणि मालकी यांत फरक आहे, हे मात्र लक्षात ठेवा. न्यायालयाने वाट मोकळी ठेवली तरी ग्रामपंचायतीचं नाव आपोआप लागत नाही. अकृषिक आदेशातल्या अटीची पूर्तता करून घ्यावी असा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे स्वतंत्रपणे चालू ठेवा.

महापालिका हद्दीत आणखी एक वाट आहे. मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमातलं कलम ३०५ आयुक्तांना अधिकार देतं की खासगी रस्त्यालगतच्या मिळकतधारकांना नोटीस देऊन तो सपाट, पक्का आणि गटारासह करायला लावावा. कलम ३०६ प्रमाणे असा नीट केलेला रस्ता आयुक्त सार्वजनिक म्हणून जाहीर करू शकतात. मात्र रस्त्याच्या किंवा त्यातल्या मोठ्या भागाच्या मालकाने महिन्याच्या आत हरकत घेतली तर ते थांबतं. इतर महापालिकांच्या १९४९ च्या अधिनियमातही खासगी रस्त्यांबद्दल याच धर्तीच्या तरतुदी आहेत. अर्जात नुसतं ‘रस्ता करा’ न लिहिता ‘खासगी रस्ता सार्वजनिक घोषित करावा’ अशी मागणी करा. नाहीतर अर्ज थेट बांधकाम विभागाकडे जातो आणि तिथून ‘जागा खासगी’ असा शेरा मारून परत येतो.

प्रश्न: वसाहतीकडे यायचा १२० मीटर रस्ता शेजारच्या शेतातून जातो. शेतकरी ६ मीटरची पट्टी विकायला तयार आहेत. घेऊन ग्रामपंचायतीला द्यावी असा विचार आहे.

विचार चांगला आहे, पण रुंदीचा हिशोब पुन्हा करा. पक्का भाग ३.७५ मीटर, दोन्ही बाजूंना १-१ मीटर साइडपट्टी, एका बाजूला ०.६ मीटर गटार, एवढ्यातच ६.३५ मीटर झाले. विजेचे खांब आणि पाण्याची लाइन अजून धरलेली नाही. टँकर आणि समोरून येणारी मोटार एकमेकांना ओलांडायची तर एक जण गटारात उतरेल. शिवाय पुढे बांधकाम परवानगी मागताना समोरच्या रस्त्याची रुंदी पाहिली जाते. आज सौदा होतच आहे तर ९ मीटर मागा. वळणावर कोपरा तिरका कापून घ्या, काटकोनात लांब वाहन वळत नाही.

६ मीटरने ७२० चौरस मीटर, म्हणजे ७ गुंठ्यांहून थोडं जास्त. ९ मीटरने १,०८० चौरस मीटर, साधारण पावणेअकरा गुंठे. एवढ्या लहान तुकड्याच्या खरेदीला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येऊ शकतो. इसार देण्याआधी तहसील कार्यालयाकडून परवानगीबद्दल लेखी उत्तर घ्या. त्याच वेळी सातबाऱ्यावर आणखी तीन गोष्टी पाहा: भोगवटादार वर्ग २ आहे का, कुळकायद्याचं कलम ४३ लागलेलं आहे का, आणि ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का. पहिल्या दोन्हींत सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि तिसऱ्यात बँकेचा दाखला नसेल तर खरेदीखत पुढे गोत्यात येतं.

‘विकत नको, नुसता वहिवाटीचा हक्क घ्या’ असा सल्ला तुम्हाला कुणी देईल. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे २० वर्षांच्या अखंड, उघड वापराने वाटेचा हक्क मिळू शकतो. पण तो हक्क शाबीत करायला दावा लावावा लागतो आणि तो ये-जा करण्यापुरता असतो. त्यावर सरकारी रस्ता बांधता येत नाही. तुमच्याकडे विकणारा तयार आहे, तर नोंदणीकृत खरेदीच करा.

प्रश्न: आमच्या जमिनीतून विकास आराखड्यातला १२ मीटर रस्ता जातो. नगरपरिषद म्हणते, आत्ता संमतीपत्र आणि ताबा द्या, मोबदल्याचं नंतर पाहू.

नुसत्या पत्रावर ताबा देऊ नका. एकदा रस्ता झाला की तुमच्या मागणीला घाई उरत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२६ मध्ये तीन मार्ग आहेत: वाटाघाटीने ठरवलेली रक्कम, त्या बदल्यात चटईक्षेत्र (जास्त बांधकामाची मुभा) किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (तीच मुभा, पण दुसऱ्याला विकता येणारी), नाहीतर भूसंपादन. तिसऱ्या मार्गात २०१३ चा भूसंपादन कायदा लागतो. तो १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आहे आणि त्यात ठरलेल्या भरपाईवर तितकीच, म्हणजे १०० टक्के, दिलासा रक्कम मिळते. नगरपरिषदा बहुधा विकास हक्क पुढे करतात, कारण त्यांना तिजोरीतून पैसा काढावा लागत नाही. मोठ्या शहरात ते प्रमाणपत्र विकलं जातं. लहान गावात घेणारा बिल्डरच नसेल तर ते कपाटात पडून राहतं. उरलेल्या जमिनीवर स्वतः बांधणार असाल तर चटईक्षेत्र घ्या, नसाल तर रोख किंवा भूसंपादनाचा आग्रह धरा.

करारात क प्रतीप्रमाणे क्षेत्र, विहीर, झाडं, कुंपण यांची वेगळी नोंद आणि मोबदल्याचा प्रकार लिहिलेला असावा. अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतलीच नसेल, तर मालकीच्या कागदांसह कलम १२७ ची नोटीस देता येते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर नगरपरिषदेला त्यावर २४ महिने मिळतात. तेवढ्यात संपादन झालं नाही किंवा त्याची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द, होतं. मालकीचे कागद न जोडल्यामुळे नोटिसा बाद ठरतात, तेवढं सांभाळा.

तुमच्याच मंजूर रेखांकनातल्या अंतर्गत रस्त्याला मात्र असा मोबदला सहसा मिळत नाही. दोन्हींची गल्लत करून मागणी केली तर सगळा अर्जच लांबतो.

प्रश्न: गुंठेवारीतले प्लॉट आहेत. रस्ता ४ मीटरच आहे. पालिका रस्ता करील का?

आधी प्लॉट नियमित करून घ्या. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या प्लॉटचा, कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे भूखंड त्यात आले. नियमित करताना भरलेलं विकास शुल्क त्या भागातल्या रस्ते-गटारांच्या श्रेणीवाढीसाठीच असतं. निम्म्या लोकांनी शुल्क भरलं आणि निम्म्यांनी नाही, अशा गल्लीचं काम मागे पडतं. म्हणून गल्लीने एकत्र अर्ज करावेत. ४ मीटरमध्ये उघडं गटार काढू नका. कडेने पाइप गटार घ्या आणि वर पेव्हर ब्लॉक बसवा.

प्रश्न: गृहनिर्माण संस्थेच्या आतला रस्ता महापालिकेने करावा असा आमचा ठराव आहे.

फाटक ठेवून तो होणार नाही. सर्वसाधारण सभेच्या ठरावाने रस्त्याची जागा महापालिकेकडे द्यावी लागेल आणि त्यानंतर फाटक, पहारेकऱ्याची चौकी, ‘रहिवाशांसाठीच’ हा फलक, सगळं जाईल. बाहेरची वाहनं उभी राहतील, फेरीवाले येतील. डांबरीकरणाच्या एका खर्चासाठी ही किंमत द्यायची का, हे सभासदांना मतदानाआधी स्पष्ट सांगा. चार-पाच इमारतींची एकच संस्था असेल तर आमच्या मते आतला रस्ता संस्थेच्या निधीतूनच करावा. अनेक संस्थांना मिळून एकच रस्ता असेल तर तो द्यावाच.

प्रश्न: जागा ग्रामपंचायतीच्या नावावर आहे. पैसा कुठून मागावा, आणि कधी?

मागणीची वेळ चुकली की वर्ष जातं. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. त्या ग्रामसभेत तुमच्या रस्त्याचं नाव, लांबी आणि कुठून कुठपर्यंत हे ठरावात शब्दशः आलं पाहिजे. ‘वसाहतीत रस्ते करणे’ असा मोघम ठराव असेल तर शाखा अभियंता अंदाजपत्रक कशाचं करणार?

१५व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधील होती, उरलेल्या ४० टक्क्यांतून रस्ते करता येत होते. गटाराचं काम बांधील भागातून आणि रस्त्याचं अबंधित भागातून, असं वेगळं मागितलेलं कधीही सोयीचं. याखेरीज ग्रामविकास विभागाचा मूलभूत सुविधांचा निधी, ज्याला सगळे ‘२५१५’ म्हणतात. आमदार आणि खासदार स्थानिक विकास निधी. जिल्हा नियोजन समिती. अनुसूचित जाती वस्ती असेल तर वस्ती विकासाची योजना. शहरात प्रभागाच्या अंदाजपत्रकाआधी मागणी द्यावी. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे, तिथे तो अर्ज वेगळा भरावा.

पुढचा क्रम असा: ठराव, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. आपली फाइल यांपैकी कुठे आहे एवढंच विचारत राहा; ‘काम कधी होणार’ या प्रश्नाला कार्यालयात कुणाकडेच उत्तर नसतं. मार्चअखेर निधी संपवण्याच्या घाईत मिळालेलं काम नाकारू नका, पण कार्यारंभ आदेश हाती पडल्यावर मे महिना उजाडण्याआधी पाया तरी पूर्ण होईल हे पाहा.

प्रश्न: काळी माती आहे. डांबरी, काँक्रीट की पेव्हर ब्लॉक?

काळ्या मातीत वरचा थर कोणता हा दुसरा प्रश्न. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचं सगळं फाडते. अंदाजपत्रकात खोदाई आणि मुरूम या बाबी आहेत का ते आधी पाहा. माती काढून किमान ३० सेंटिमीटर चांगला, न फुगणारा मुरूम भरावा, किंवा मातीत चुना मिसळून ती स्थिर करावी. मुरूम पाणी मारून थराथराने दाबायचा. साध्या ८-१० टनी रोलरखाली एका वेळी १० सेंटिमीटरच थर दबतो. कंप देणारा रोलर असेल तर २० सेंटिमीटरपर्यंत चालतो. ३० सेंटिमीटर मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरची कवचासारखी पापडी घट्ट होते आणि खाली मुरूम सुटाच राहतो. पहिल्या पावसात चाकोऱ्या पडतात त्या यामुळे.

त्यावर डांबरी रस्ता करायचा तर खडीकरणाचे ७.५-७.५ सेंटिमीटरचे दोन थर. दबून ७.५ सेंटिमीटर व्हायचा तर पसरताना खडी सुमारे १० सेंटिमीटर लागते. मग प्राइमर आणि टॅक कोट (थर चिकटण्यासाठी पातळ डांबराचे फवारे), २० मिलिमीटर कार्पेट (डांबर-खडीचा थर) आणि त्यावर छिद्रं बुजवणारा सील कोट. सील कोट वगळला तर कार्पेटच्या छिद्रांतून पाणी खडीत उतरतं. डांबरमिश्रण रस्त्यावर पडताना १४० अंशांच्या आसपास असावं. १०० अंशांखाली गेलेल्या मालावर कितीही रोलर फिरवला तरी तो बसत नाही. ओल्या पृष्ठभागावर डांबर टाकू देऊ नका. डांबराला पाणी सोसत नाही, म्हणून जिथे सांडपाणी रस्त्यावर वाहतं तिथे डांबरी रस्ता मागूच नका.

काँक्रीटला पाण्याचं भय कमी. गल्लीच्या रस्त्याला एम-३० प्रतीचं (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत) १५ सेंटिमीटर काँक्रीट, खाली १०-१५ सेंटिमीटर दाबलेला खडी-मुरमाचा थर आणि मध्ये १२५ मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. हा कागद काँक्रीटमधलं पाणी खाली शोषलं जाऊ देत नाही आणि काँक्रीट आक्रसताना त्याला सरकायला मोकळीक देतो. काँक्रीट एकदा पडलं की खालची पाइपलाइन दुरुस्त करणं महाग पडतं.

पेव्हर ब्लॉक काढून पुन्हा बसवता येतात. नळ, ड्रेनेज, केबल यांचं काम अजून यायचं असेल तर आमची पसंती यालाच. मोटारींपुरत्या गल्लीत ६० मिलिमीटर जाडी, टँकर आणि घंटागाडी येत असेल तर ८० मिलिमीटर. खाली वाळूचा थर २० ते ४० मिलिमीटरच हवा. जास्त टाकला तर चाकाखाली खड्डे पडतात. पाया सपाट नसताना खड्डे वाळूने भरून वर ब्लॉक लावणं ही नेहमीची चूक. दोन्ही कडांना काँक्रीटची पक्की कड नसेल तर ब्लॉक बाहेर सरकत जातात, सांधे उघडतात आणि खालची वाळू वाहून जाते.

प्रश्न: मागच्या वर्षी केलेल्या काँक्रीट रस्त्याला आडव्या भेगा गेल्या. आता दुसऱ्या गल्लीचं काम आहे. आम्ही काय पाहावं?

काँक्रीट सुकताना आक्रसतं, त्यामुळे ते फाटणारच. कुठे फाटायचं हे आपण सांधे कापून ठरवायचं असतं. दर अडीच ते चार मीटरवर आडवा सांधा हवा आणि १५ सेंटिमीटर जाडीला तो ४ ते ५ सेंटिमीटर खोल कापलेला हवा. रस्ता साडेचार मीटरहून रुंद असेल तर मधोमध लांबीचाही सांधा लागतो. उन्हाळ्यात काँक्रीट टाकल्यापासून साधारण ६ ते ८ तासांत कापणी व्हायला हवी. संध्याकाळी काम संपवून कटर दोन दिवसांनी आणला तर भेगा आधीच गेलेल्या असतात. तुमच्या रस्त्याच्या भेगा सरळ, ठरावीक अंतरावर आणि आडव्या असतील तर कारण बहुधा हेच.

जाडीचा हिशोब कुणालाही करता येतो. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड रस्त्याला ४५ घनमीटर काँक्रीट लागतं. ६ घनमीटरच्या गाड्या असतील तर साडेसात, म्हणजे आठवी गाडी अर्धी. जाडी १२ सेंटिमीटर केली तर ३६ घनमीटर, सहा गाड्यांत रस्ता संपतो. गाडी आली की मालासोबतच्या चलनाचा (पावतीचा) फोटो काढा, त्यावर प्रत, प्रमाण आणि प्लांटमधून निघाल्याची वेळ असते. फॉर्म्याची (काँक्रीट अडवणाऱ्या कडेच्या साच्याची) उंची दोन्ही कडांना मोजा आणि मध्ये दोरी ताणून खालपर्यंतचं अंतर पाहा. पाया मध्ये उंच ठेवून कडेला पूर्ण जाडी दाखवता येते.

गाडीत पाणी ओतायला लागले तर तिथेच थांबवा. पाण्याने काँक्रीट पसरायला सोपं होतं, पण ताकद उतरते आणि वर्षभरात वरचा थर पावडर होऊन धूळ उडते.

क्यूबची, म्हणजे ताकद तपासायच्या काँक्रीटच्या घनाकृती नमुन्यांची, मागणी करा. ३१ ते ५० घनमीटर कामाला चार नमुने, प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब, हे प्रमाण भारतीय मानक ४५६ मध्ये दिलेलं आहे. क्यूब तुमच्यासमोर, त्याच गाडीतल्या मालाचे भरले जावेत आणि त्यावर तारीख कोरावी. २८ दिवसांचा अहवाल आल्याशिवाय अंतिम देयक निघू नये अशी लेखी विनंती अभियंत्याकडे आधीच द्या.

१४ दिवस पाणी. सिमेंट-वाळूची आळी करून पाणी साठवलेलं उत्तम. ओली पोती टाकली तर ती दुपारीही ओली राहिली पाहिजेत. २८ दिवस जड वाहन नको. टँकरवाल्याला वसाहतीनेच सांगावं लागतं, ठेकेदार तिथे पहारा देत नाही.

माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकातली पानं, क्यूबचे अहवाल आणि दोषदायित्व कालावधीची (ठेकेदार दोषांना जबाबदार असण्याच्या मुदतीची) तारीख मागा. त्याच कायद्याच्या कलम २ (ञ) प्रमाणे कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही तुम्हाला आहे. मागच्या वर्षीच्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी संपलेला नसेल तर भेगांची लेखी तक्रार आजच द्या. त्या काळातली दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते आणि त्याची अनामत तोवर अडकलेली असते.

प्रश्न: दर वेळी नवा थर टाकतात. रस्ता आता अंगणापेक्षा उंच झाला आणि पावसाचं पाणी घरात येतं.

अंदाजपत्रकात जुना थर खरवडण्याची किंवा खोदून काढण्याची बाब नसेल तर ती वाढवून घ्या. काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक घराच्या उंबऱ्याची आणि रस्त्याची पातळी लेव्हल यंत्राने घेऊन लांबीचा छेद (रस्त्याच्या लांबीभर पातळ्या दाखवणारी आकृती) काढावा, तो मागून घ्या. तयार रस्त्याची रेघ तुमच्या कुंपणाच्या भिंतीवर रंगाने मारून घ्या. रात्री काम झालं तरी सकाळी फरक कळतो.

उतार दोन तपासा. लांबीला १०० मीटरमागे ३० ते ५० सेंटिमीटर उतार हवा, नाहीतर पाणी पुढे सरकत नाही. रुंदीला २ टक्के: ३ मीटर रस्त्याचा मध्य कडांपेक्षा ३ सेंटिमीटर उंच, आणि सगळं पाणी एकाच बाजूच्या गटाराकडे न्यायचं असेल तर एक कड दुसरीपेक्षा ६ सेंटिमीटर खाली. अरुंद गल्लीत असा एकतर्फी उतारच बरा, एक गटार वाचतं.

प्रश्न: रस्ता मंजूर झाला आहे. ड्रेनेज पुढच्या वर्षी येणार म्हणतात. रस्ता आत्ता करून घ्यावा का?

निधी परत जाणार असेल तर आधी पाया आणि खडीकरण करून घ्या. वरचा थर ड्रेनेजनंतर घेता येईल का ते अभियंत्याशी बोलून ठरवा, किंवा पेव्हर ब्लॉकसाठी सुधारित अंदाजपत्रक मागा. काँक्रीटच करायचं ठरलं तर खालून दर ३० मीटरवर ११० किंवा १५० मिलिमीटरचे रिकामे आडवे पाइप टाकून ठेवा, दोन्ही तोंडं टोपणाने बंद करा आणि त्यांच्या जागा कुंपणावर रंगवा. प्रत्येक प्लॉटची नळजोडणी मुख्य लाइनपासून हद्दीपर्यंत आताच ओढून घ्या, घर बांधलेलं नसलं तरी. चेंबरची झाकणं नव्या पातळीला उचलून बसवण्याची बाब अंदाजपत्रकात हवी. ती नसेल तर झाकणं डांबराखाली गाडली जातात आणि पहिल्यांदा तुंबलं की रस्ता फोडूनच शोधावी लागतात.

रस्त्यात येणारे विजेचे खांब हलवायचे असतील तर महावितरणकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्यायला आत्ताच अर्ज करा. त्याला रस्त्यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. शहरी हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. शक्य असेल तिथे झाड राखा आणि खोडाभोवती १ मीटर जागा काँक्रीटविना सोडा.